मासेमारी बंद असताना वाडीतल्या पोरांना ब्रूस ली कसा दाखवायचा

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे हर्णैला होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, घरातले पुरुष घरात, कोण जाळी दुरुस्त करतंय कोण इंजिन खोलून बसलंय, आणि पोरं शाळेतून आली की पावसामुळे कुठे जाता येत नाही म्हणून मोबाईल घेऊन कोपऱ्यात. मी देवळाच्या सभामंडपात कराटेचा क्लास घेतो, आणि गेली काही वर्षं जुलैमध्ये पाच संध्याकाळ ब्रूस ली लावतो. आजूबाजूच्या वाड्यांतून बरेच जण विचारतात, दादा आम्हाला पण करायचंय, कसं करू, कुठला पिक्चर आधी लावू. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट, पिक्चरने सुरुवात करू नका. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली, थेट एंटर द ड्रॅगन लावला, पोरं नुसती वेडी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासमधला एक मुलगा गडग्यावरून उडी मारून लाथ मारायला गेला. पावसाचे दिवस, जांभ्यावर शेवाळ, पाय सटकला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. त्याची आई माझ्यावर एका शब्दाने रागावली नाही आणि मला तेच जास्त लागलं. मग मी ब्रूस लीचं आयुष्य परत नीट वाचायला घेतलं, की मी ह्या पोरांना नक्की काय दाखवलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण सगळ्यांनी बघितलेल्या त्या हिरो म्हणून केलेल्या पिक्चरमधल्या लाथा, एकूणएक, डॉक्टरांनी त्याला तू परत लाथ मारू शकणार नाहीस असं सांगितल्यानंतरच्या आहेत. १९७० साली पाठ गेली, साधारण सहा महिने अंथरुणात गेले, आणि पहिला मोठा पिक्चर आला १९७१ ला. हे पोरांना आधी माहीत असलं पाहिजे. म्हणजे अंथरूण आधी, लाथ नंतर. माझा सगळा क्रम ह्या एका गोष्टीवर बसवलेला आहे, तुम्ही बाकी काही बदला पण हे बदलू नका.

तयारी फार नाही. प्रोजेक्टर दापोलीहून भाड्याने आणतो, पडद्याला पांढरी डबल बेडची चादर, पण ती आदल्या दिवशी धुऊ नका, जुलैत ती वाळत नाही आणि ओल्या चादरीवर डाग दिसतात. लाईट जाणारच हे धरून इन्व्हर्टर ठेवा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की डायलॉग ऐकूच येत नाहीत, तेव्हा स्पीकर वाढवत बसू नका, पॉज करा आणि तुम्ही बोला. तसंही इंग्रजी आणि चिनी पोरांना कळत नाही, सबटायटल वाचेपर्यंत सीन जातो, त्यामुळे सांगणारा माणूसच लागतो. पिक्चर पैसे भरून घ्या, आधी डाऊनलोड करून ठेवा, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक पिक्चर आधी एकट्याने पूर्ण बघा. त्यात रक्त आहे, बायकांचे काही सीन लहान पोरांसमोर लावण्यासारखे नाहीत. मी पूर्ण पिक्चर एकही लावत नाही, सीन निवडतो आणि मधलं तोंडाने सांगतो.

पहिल्या संध्याकाळी पडदा बांधायचाच नाही. गोल करून बसवायचं आणि सांगायचं. जन्म २७ नोव्हेंबर १९४०, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये. हाँगकाँगचा मुलगा अमेरिकेत कसा जन्मला, असं कोणतरी विचारतंच. तर त्याचे वडील कॅन्टोनीज ऑपेरात काम करायचे आणि तेव्हा कंपनीचा अमेरिकेत दौरा चालू होता. ऑपेरा शब्द पोरांना कळत नाही, पण नमन सगळ्यांनी बघितलेलं असतं. मी सांगतो, आपल्या नमनात कसं तोंड रंगवून सोंगं येतात, गाणं आहे, नाच आहे, मध्येच लढाई आहे, तसंच काहीसं, आणि ह्याचे वडील त्यातले नावाजलेले विनोदी नट. एवढं सांगितलं की पोरांच्या डोळ्यांसमोर घर उभं राहतं. काही महिन्यांचा असताना तो हाँगकाँगला परत आला, १९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानने हाँगकाँग घेतलं, म्हणजे त्याचं सगळं बाळपण युद्धात गेलं. पुढे लहानपणीच पिक्चरमध्ये कामं करायला लागला, अठराव्या वर्षापर्यंत वीसेक पिक्चर झाले होते, पण त्यात कुंगफू नाही, अनाथ पोरगा, रस्त्यावरचा टवाळ पोरगा असले रोल.

तो रस्त्यावर खरोखरच मारामाऱ्या करायचा, हे लपवू नका. त्यातूनच तेराएक वर्षांचा असताना इप मॅन ह्या गुरूंकडे विंग चुन नावाची कुंगफूची पद्धत शिकायला गेला. आणि इथे एक गोष्ट सांगायला विसरू नका, जी माझ्या क्लासमधल्या मुलींना सगळ्यात जास्त आवडते, की तो १९५८ साली हाँगकाँगचा चा-चा डान्सचा चॅम्पियन होता. त्याच वर्षी शाळांच्या बॉक्सिंग स्पर्धेत पण जिंकला. पाकिटात एक कार्ड ठेवायचा, त्यावर चा-चाच्या १०८ स्टेप्स लिहिलेल्या. आमच्याकडे एक आजी बसलेल्या असतात मागे खांबाला टेकून, त्या म्हणाल्या, माळेत असतात तेवढेच की रे. तेव्हापासून मी पहिल्या संध्याकाळचा शेवट नाचानेच करतो, पोरांना जाखडी नाचाचा ठेका येतोच, त्या ठेक्यावर पाय बदलायला लावतो, पुढचा पाय मागे, मागचा पुढे, वजन मध्ये कुठेच अडकलं नाही पाहिजे. हाच कराटेचा फूटवर्क आहे हे त्यांना सांगावं लागत नाही, पाचव्या मिनिटाला त्यांचं त्यांनाच कळतं.

दुसऱ्या संध्याकाळी अमेरिका. मारामाऱ्यांमुळे पोलिसांपर्यंत गोष्टी जायला लागल्या म्हणून घरच्यांनी १९५९ साली बोटीने पाठवून दिलं, खिशात १०० डॉलर. बोटीवर वरच्या वर्गातल्या लोकांना चा-चा शिकवत गेला. सिअॅटलला एका चिनी हॉटेलात वेटर, वरच्याच खोलीत राहायचं, दिवसा शिक्षण, नंतर युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, आणि मोकळ्या वेळात पार्किंगमध्ये, बागेत, मिळेल तिथे पोरं गोळा करून शिकवायचं. काळे, गोरे, जपानी, जो येईल तो. आपली पण पोरं मुंबईला जातात, कोण हॉटेलात राबतंय, कोण बोटीवर लागतंय, आणि त्यातला एखादा संध्याकाळी मैदानावर जातो. हा भाग घाईत उरकू नका. माझ्याकडे अशाच वेळी एका मुलाने विचारलं होतं की त्याला घरची आठवण यायची का, आणि मग दहा मिनिटं पोरं आपापल्या मुंबईतल्या भावांबद्दल बोलत बसली. बोलू द्या.

मग १९६४ साल. लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने प्रात्यक्षिक दिलं, दोन बोटांवर जोर मारले आणि एक इंचावरून ठोसा मारून समोरच्या माणसाला मागच्या खुर्चीत नेऊन बसवलं. ते बघायला बसलेल्या एका हेअरड्रेसरने टीव्हीच्या निर्मात्याला त्याच्याबद्दल सांगितलं आणि त्यातून त्याला द ग्रीन हॉर्नेट ही मालिका मिळाली, १९६६-६७, २६ भाग, हा त्यात केटो नावाचा ड्रायव्हर, तोंडावर मास्क. हिरो दुसराच. पण हाँगकाँगला लोक त्या मालिकेला केटो शोच म्हणायला लागले.

एक इंचाचा ठोसा पोरांना करून बघायचाच असतो, नाही म्हणू नका, नीट करून घ्या. एकाने छातीसमोर जाड उशी धरायची, मागे दुसऱ्या दोघांनी उभं राहायचं. मारणाऱ्याने मूठ उशीपासून बोटभर अंतरावर ठेवायची आणि खांदा मागे खेचायचा नाही. जोर टाचेतून यायला हवा, मग गुडघा, मग कंबर फिरते, मग खांदा, कोपर सरळ होतं आणि मनगट सगळ्यात शेवटी. पोरं आधी नुसता हात झटकतात, काही होत नाही. तेव्हा मी तिथे बसलेल्या कुठल्या तरी खलाशी काकांना उठवतो आणि विचारतो वल्हं कशाने मारता. ते बसून दाखवतात, पाय रोवलेले, कंबर मागे, हात नुसते धरायला. पोरांनी हे लहानपणापासून बघितलेलं असतं पण ठोशाशी जोडलेलं नसतं. एकदा जोडलं की उशीवाला मागे जातो.

१९६४ च्याच शेवटी ओकलंडला वाँग जॅक मॅन ह्या दुसऱ्या कुंगफूवाल्याबरोबर बंद दाराआड मारामारी झाली. ती कोण जिंकलं, किती वेळ चालली ह्यावर आजही दोन्ही बाजूंचं जुळत नाही, त्यात पडू नका. आपल्या कामाचं एवढंच की लीची बायको लिंडा सांगते की मारामारी संपल्यावर तो स्वतःवर नाराज होता, दम लागला होता, आणि फार वेळ लागला असं त्याला वाटलं. तिथून त्याने पळायला सुरुवात केली, दोरीवरच्या उड्या, वजनं, फेन्सिंग आणि बॉक्सिंगची पुस्तकं, मोहम्मद अलीच्या फाईटच्या फिल्म्स. जे उपयोगाचं ते घ्यायचं, बाकी सोडून द्यायचं, आणि १९६७ मध्ये ह्याला नाव दिलं जीत कुन डो. मी ह्या संध्याकाळनंतर पोरांना एक शंभर पानी वही देतो. रोज किती पळालो, किती बैठका, तारीख टाकून. ली स्वतः डायरीत असं रोजचं लिहायचा. पळायला मात्र रस्त्यावर पाठवा, जुलैत किनाऱ्यावर नाही, समुद्र खवळलेला असतो आणि भरतीचा काही नेम नसतो.

तिसरी संध्याकाळ सगळ्यात महत्त्वाची आणि त्यात सुद्धा पडद्याची गरज नाही, फार तर फोटो दाखवा. १९७० च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी नीट वॉर्मअप न करता तो खांद्यावर वजन घेऊन कमरेत वाकण्याचा व्यायाम करत होता, १२५ पौंड, म्हणजे आपल्या भाषेत ५७ किलोच्या आसपास, आणि पाठीत काहीतरी गेलं. पाठीच्या खालच्या भागातली नस दुखावली होती. डॉक्टर म्हणाले पडून राहा, आणि कुंगफूची लाथ विसरा. वय २९. मालिका संपलेली, हॉलिवूडमध्ये मोठं काम मिळत नाही, घराचे हप्ते, दोन लहान मुलं, ब्रँडन पाच वर्षांचा आणि शॅनन वर्षाची. लिंडाने संध्याकाळची नोकरी धरली. तो पडून पडून लिहीत राहिला, वह्याच्या वह्या, आकृत्या, कुठल्या अंतरावरून काय मारायचं, कुठला मार कधी अडवायचा. त्या नोंदींचं पुढे तो गेल्यावर, १९७५ ला पुस्तक झालं. एका कार्डाच्या मागे त्याने स्वतःसाठी दोन शब्द लिहून ठेवले होते, चालत राहा एवढ्याच अर्थाचे. साधारण सहा महिने गेले. मग हळूहळू उठला. दुखणं पूर्ण गेलं असं नाही, पाठ शेवटपर्यंत त्रास देत होती.

हे मी पहिल्यांदा सांगितलं त्या वर्षी मागे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, बसले होते, कमरेमुळे त्यांना होडी सोडावी लागलेली. पोरं गप्प होती आणि हे एकदम म्हणाले, मग तो उठला कसा ते सांग ना. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, पुढच्या वेळी वाचून आलो. म्हणून तुम्ही आधीच तयारी करून जा, की त्याने आराम किती घेतला, एकदम वजनाला हात लावला नाही, थोडं थोडं वाढवलं. आणि हे पण स्पष्ट सांगा की प्रत्येकाची पाठ वेगळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी काही करायचं नाही. समोर फक्त पोरं नसतात, मोठे पण ऐकत असतात आणि आमच्या बंदरावर कमरेच्या दुखण्याची माणसं खूप आहेत.

ह्याच संध्याकाळी शेवटी भारताचं सांगतो. पाठीतून सावरल्यावर १९७१ च्या सुरुवातीला तो जेम्स कोबर्न हा नट आणि लेखक सिलिफंट ह्यांच्याबरोबर एका पिक्चरच्या जागा शोधायला भारतात आला होता. तो पिक्चर तेव्हा झाला नाही. पोरांना हे ऐकून फार बरं वाटतं, आपल्या देशात येऊन गेला म्हणून, आणि बिचाऱ्याचं ते पण काम फिसकटलं हे लगेच कळतं. मग हॉलिवूड सोडून हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्ट कंपनीचं काम घेतलं.

चौथ्या संध्याकाळी एकदाचा पडदा बांधा. पहिला द बिग बॉस, १९७१. नाव सांगितलं की पोरं टीव्हीवरच्या शोचं नाव घेतात, तेव्हा आधीच खुलासा करा. हा थायलंडमध्ये शूट झालाय आणि गोष्ट बर्फाच्या कारखान्यातली आहे. आमच्या पोरांना हे बघून काय होतं ते बघायला तुम्ही पाहिजे होतात, कारण बर्फाच्या लाद्या, आकडे, लादी सरकवणं, हे सगळं ती बंदरावर रोज बघतात. त्या लाद्यांमध्ये अंमली पदार्थ लपवलेले असतात अशी स्टोरी. पण मी थांबून जे दाखवतो ते वेगळं. हिरोच्या गळ्यात एक लॉकेट आहे, आईला शब्द दिलाय मारामारी करणार नाही म्हणून, आणि पिक्चर बराच पुढे जाईपर्यंत तो खरंच हात उचलत नाही, नुसता बघत उभा. पोरं ओरडतात मार ना मार. तेव्हा पॉज करा आणि विचारा, ह्याच्या पायात आत्ता जोर नाही का? आदल्या संध्याकाळचं अंथरूण त्यांना आठवत असतं, आणि मग लॉकेट तुटून पहिली लाथ येते तेव्हा सभामंडपात जो आवाज होतो तो मी सांगू शकत नाही. त्या पिक्चरने हाँगकाँगमधले कमाईचे आधीचे रेकॉर्ड मोडले.

१९७२ चा फिस्ट ऑफ फ्युरी मी तोंडीच सांगतो, शांघाय, जपानी लोक, गुरूचा खून, वेळ कमी असेल तर हा सोडला तरी चालतो. त्याच वर्षीचा वे ऑफ द ड्रॅगन मात्र सोडू नका. तो त्यानेच लिहिला, त्यानेच दिग्दर्शन केलं. रोमच्या कोलोसियममधली चक नॉरिसबरोबरची फाईट पूर्ण लावा, कटिंग न करता. थोडं शूटिंग खऱ्या रोममध्ये, बाकीचं हाँगकाँगला सेट लावून. चक नॉरिस हा खरा कराटे चॅम्पियन, हे सांगायचं. पोरांना तीन गोष्टी बघायला सांगा. सुरुवातीला ली मार खातो, चांगला खाली पडतो. मग उठून तो पायांचा ठेका बदलतो, हलका होतो, नाचायला लागतो, इथे पहिल्या संध्याकाळचा चा-चा आठवतो का विचारा. आणि शेवटी समोरचा मेल्यावर त्याचाच कराटेचा ड्रेस आणि बेल्ट आणून त्याच्या अंगावर पांघरतो, बाजूला बसतो. आमच्या क्लासमध्ये त्यानंतर कोणी फाईट जिंकल्यावर नाचत नाही. एक मांजराचं पिल्लू पण दिसतं मध्येमध्ये, लहानांना तेच लक्षात राहतं, राहू द्या.

पाचवी संध्याकाळ, शक्यतो २० जुलैच्या आसपास. एंटर द ड्रॅगन, १९७३, गोल्डन हार्वेस्ट आणि वॉर्नर ब्रदर्स मिळून. सुरुवातीला तो एका छोट्या शिष्याला लाथ शिकवतो आणि चुकला की डोक्यात टपली मारतो, तो सीन दोनदा लावा. शेवटचा आरशांच्या खोलीतला लावा. मधल्या मारामारीत एक काचेच्या बाटलीचा सीन आहे, त्याच्या शूटिंगच्या वेळी खऱ्या बाटलीने लीचा हात कापला होता आणि काम थांबलं होतं, हे सांगून ठेवा कारण घरी करून बघणारे असतात. नानचाकूचं पण तेच. आमच्याकडे चिव्याचे, म्हणजे बांबूचे, दोन तुकडे आणि जाळ्याची दोरी घेतली की पाच मिनिटांत तयार होतो, आणि तोच पहिला डोक्यात बसतो. मी रबरी पाईपचे करून देतो आणि फक्त क्लासमध्ये. आणि त्या गर्दीतल्या स्टंटवाल्या पोरांमध्ये एक जॅकी चॅन आहे, तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. ली ज्याची मान पकडून मोडतो तो. पोरांना शोधू द्या.

मग प्रोजेक्टर बंद करून मरणाचं सांगायचं. पोरांनी युट्यूबवर विष, शाप, कोणीतरी मारलं, सगळं ऐकलेलं असतं. त्यांना घडलं ते सरळ तारखांनी सांगा. १० मे १९७३, डबिंग करताना चक्कर येऊन पडला, मेंदूला सूज, डॉक्टरांनी वाचवला. अमेरिकेत जाऊन तपासण्या केल्या, तब्येत चांगली म्हणाले. २० जुलैला डोकं दुखत होतं, एका नटीच्या घरी दुखण्याची गोळी घेऊन झोपला आणि उठला नाही. मेंदूला सूज. वय ३२. चौकशीत गोळीतल्या औषधाची रिअॅक्शन आणि अपघाती मृत्यू असं धरलं गेलं, नंतर वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी कारणं सुचवली. एंटर द ड्रॅगन अमेरिकेत लागला तेव्हा तो नव्हता. सिअॅटलला लेक व्ह्यू स्मशानभूमीत पुरलं, शवपेटीला खांदा देणाऱ्यांत स्टीव्ह मॅक्वीन आणि जेम्स कोबर्न हे हॉलिवूडचे नट होते, दोघं त्याच्याकडे शिकलेले. १९९३ ला ब्रँडन शूटिंगमध्ये बंदुकीच्या अपघातात गेला, तो पण त्याच्याच शेजारी आहे. ब्रँडनचं लहान पोरांसमोर मी थोडक्यात सांगतो.

गेम ऑफ डेथचं कोणी विचारलं, आणि पिवळ्या ड्रेसमुळे विचारतातच, तर सांगा की त्याच्या फाईट्स त्याने १९७२ मध्ये शूट करून ठेवल्या होत्या, पिक्चर अर्धवट राहिला, आणि १९७८ ला दुसरीच माणसं त्याच्यासारखी उभी करून पूर्ण केला. करीम अब्दुल जब्बारबरोबरची फाईट तेवढी लावा, तो सात फुटांच्या वर उंच बास्केटबॉलवाला, आणि लीचाच विद्यार्थी.

हे सगळं ३१ जुलैच्या आत संपलं पाहिजे. १ ऑगस्टपासून होड्या सुटायला लागतात, बाप समुद्रावर जातात, मोठी पोरं जेट्टीवर कामाला आणि सभामंडप रिकामा. शेवटच्या संध्याकाळी वह्या गोळा करून बघा, कोणी किती दिवस लिहिलंय, आणि ज्याने मध्येच सोडलं त्याला सगळ्यांसमोर बोलू नका, वही परत द्या. रात्री पोरांना एकटी सोडू नका, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ओली असते आणि पिक्चर बघून पाय शिवशिवत असतात. पुढे एक बॅटरीवाला, मागे एक, खाली रस्त्याला लागेपर्यंत कोणी उडी मारायची नाही, आणि खाली गेल्यावर डोकी मोजायची.